पातं मधून गेलं तेव्हा

दुपारी पावणेतीनला पातं मधून गेलं. आवाज इतका बारीक, की शेजारी बसलेल्याला ऐकूही आला नाही. पण अखंड दगड आणि दोन तुकडे यांचा भार मांडीवर वेगळा लागतो, त्यामुळे रबराखालून लगेच कळलं. १४ सेंटिमीटर लांब, साडेपाच रुंद, मध्यभागी जेमतेम १३ मिलिमीटर जाड असं कॅल्सेडनी या काचेसारख्या फुटणाऱ्या दगडाचं पातं. आणखी दोन-तीन कपच्या निघाल्या असत्या, तर घासून-दाबून धार लावण्याच्या कामाला लागलो असतो.

नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या एका शेतातलं तीन बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड, खाली ताडपत्री, आणि दगडी हत्यारं घडवण्याचा नाद असलेली आम्ही तीन-चार माणसं, अशी ही रविवारची बैठक. उघडं शेड हवेसाठी नाही, धुळीसाठी. ही धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिसने, म्हणजे या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, किती छळलंय ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून एन-९५ मास्क, चष्मा, आणि ताडपत्री कधीच कोरडी झाडायची नाही. आधी पाणी मारायचं.

दगड कन्हानच्या पात्रातला होता. नागपूर बरोबर सांध्यावर बसलंय. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. पूर्वेकडची पांढरी गार दिसायला चमकदार, पण ठोकली की दाण्यादाण्यांनी फुटते, धार येत नाही. बेसाल्टची कुऱ्हाड होते, पातळ सुरी होत नाही. सुरीसाठी बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेली सिलिका हवी, म्हणजे कॅल्सेडनी, अकीक, सूर्यकांत (जॅस्पर). कळमेश्वरकडे विहीर खणली की मलब्यात ती निघते, आणि छिंदवाड्याच्या बाजूने येणारी कन्हान ती गोटा करून आणून टाकते. नदीचा गोटा घ्यायचा तर एक धोका पत्करावा लागतो. वाहताना त्याने शेकडो धक्के खाल्लेले असतात आणि सालीखाली बारीक चंद्रकोरी तडे असतात. म्हणून नदीच्या दगडाची साल उदारपणे काढतो, कमीत कमी सेंटिमीटरभर.

हा गोटा १ किलो ८०० ग्रॅमचा, पिवळसर, उजेडासमोर कडेला मधासारखा. फोडायला ६०० ग्रॅमचा क्वार्टझाइटचा गोटा वापरला. नंतरच्या पातळ कपच्यांसाठी मऊ हातोडा लागतो. परदेशी पुस्तकांत त्यासाठी हरणाचं शिंग सांगतात. आपल्याकडे जंगलात गळून पडलेलं सांबरशिंग उचलून आणणंही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. आमच्याकडे म्हशीच्या शिंगाचा हातोडा आहे, बारीक लवचीक दांड्यावर बसवलेला. खंभातचे मणीवाले पिढ्यान्‌पिढ्या असाच वापरत आले आहेत. दुसरा तांब्याचा, म्हणजे नळीच्या टोकाला बसणाऱ्या २८ मिलिमीटरच्या टोपीत शिसं ओतून लाकडी मुठीवर चढवलेला. आमच्यातला एकजण एसी दुरुस्त करतो, त्यामुळे तांब्याची ददात नाही.

आकार आधीच काढून झाला होता. १६ बाय ७, जाडी २२ मिलिमीटर. पण कच्ची कॅल्सेडनी चिवट असते, लांब कपची सोडत नाही, मध्येच पायरी पडते. म्हणून असे आकार आम्ही आदल्या आठवड्यातच भट्टीत भाजून ठेवतो, आणि हाही त्याच घाण्यातला. सिरॅमिकची छोटी विजेची भट्टी, त्यात घमेल्यात कोरडी वाळू, दगड एकमेकांना न टेकता वाळूत पुरलेले, वर पाच सेंटिमीटर थर. आधी ११० अंशांवर १२ तास, पाणी जायला. मग तासाला २५ अंशांनी चढवत ३००पर्यंत, तिथे चार तास, आणि बटण बंद करून दुसऱ्या दिवसापर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. घाई केली तर आतलं पाणी वाफ होऊन बशीसारखे गोल टवके उडवतं. नागपूरच्या मे महिन्यात आधी आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवलं तर पहिल्या टप्प्याची धास्ती कमी होते. ५७३ अंशांच्या आसपासही जायचं नाही. तिथे दगडातलं क्वार्टझ (स्फटिकरूप सिलिका) आपली रचना बदलतं आणि दगड जाळीदार तडकतो.

भाजल्यावर पिवळा दगड लाल होतो, कारण त्यातलं लोखंडाचं पिवळं संयुग आपल्यातलं पाणी सोडून लाल होतं. पण महत्त्वाची खूण रंगाची नाही, चकाकीची. भट्टीत गेलेला जुना पृष्ठभाग निस्तेजच राहतो. भाजल्यानंतर जी कपची निघते, तिच्याखालचा ताजा भाग मात्र तेल लावल्यासारखा चमकतो. एरवी ही खूण फक्त कौतुकाची. त्या दिवशी तीच पुरावा ठरली.

तर पातं मोडलं. पहिलं अनुमान सोपं होतं. लांब-पातळ पात्याला टोकावर ठोक बसला की ते थरथरतं आणि मध्ये वाकून मोडतं. आमच्या तुटलेल्या पात्यांच्या डब्यातली निम्मी याच कारणाने गेलेली आहेत. पण माझा ठोक टोकावर नव्हता, उजव्या कडेवर होता. कड घासलेली होती, कोन सत्तर अंशांच्या आसपास, डाव्या हाताची बोटं खालून टेकवलेली. कपची निघालीही होती, चांगली चार सेंटिमीटरची. म्हणजे ठोक बरोबर, आणि मोडला भलताच भाग.

निवृत्त भूगर्भशास्त्र शिकवणारे सर आमच्यात आहेत. त्यांनी दोन्ही तुकडे घेतले आणि तुटलेला चेहरा उन्हाकडे धरला. बहुतेक भाग तुकतुकीत. फक्त डाव्या कडेला ९ मिलिमीटरची चंद्रकोर, मातकट, निस्तेज.

"हे भट्टीआधीचं आहे," सर म्हणाले.

"भट्टीतच तडकलं नसेल कशावरून, सर?"

प्रश्न योग्य होता, कारण भट्टी चढताना गेलेला तडाही मंदच दिसू शकतो. उत्तर चंद्रकोरीतच होतं. उष्णतेने गेलेला तडा खडबडीत, वेडावाकडा असतो, त्याला सुरुवात अशी नसते. इथे पाण्यात खडा टाकल्यासारख्या गोल लाटा होत्या, आणि त्यांना छेदत जाणाऱ्या केसासारख्या रेषा. त्या रेषा पंख्याच्या काड्यांसारख्या एका बिंदूकडे धावतात, आणि तो बिंदू म्हणजे ठोक्याची जागा. पंख्याचं मूळ पात्याच्या आताच्या कडेबाहेर, हवेत पडत होतं. म्हणजे तो दगडाचा भाग आम्ही कधीच काढून टाकला होता.

काढून टाकलं म्हणजे ते ताडपत्रीवर किंवा पिशवीत असणारच. भट्टीआधीच्या मोठ्या कपच्या आम्ही लहान पात्यांसाठी गोट्यागणिक वेगळ्या पिशवीत ठेवतो. ती पिशवी ओतली आणि जुळवायला बसलो. पुरातत्त्ववाले उत्खननातल्या कपच्या अशाच जुळवून दगड पुन्हा उभा करतात. कामाचा क्रम त्यातून उलटा वाचता येतो. साल असलेल्या कपच्या एका बाजूला, उरलेल्या रंगांच्या पट्ट्यांवरून. साल असलेल्या तीन पाऊण तासात बसल्या. चौथी बसली तेव्हा काम संपलं, कारण तीच ती होती. लांबीत उभी दोन तुकडे झालेली कपची. काढताना ती मोडली, तेव्हा 'आत पट्टा असेल' म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. जोडून पात्याच्या डाव्या कडेवर ठेवली, तर तिची मोडलेली रेषा सरळ चंद्रकोरीत उतरली. आणि तिच्या सालीवर, बरोबर पंख्याच्या मुळाशी, पांढरा भुकटलेला ठिपका.

त्या ठिपक्याला दोन ठोक बसले होते, आणि दोन्ही माझेच. पहिल्याने दगड फुटला नाही, म्हणून त्याच जागी दुसरा, अधिक जोराने. या कामातली सर्वांत महाग चूक ती हीच. अशा दगडावर टोकदार ठोक बसला की खाली शंकूच्या आकाराचा तडा पसरतो. कड आणि खालचा चेहरा यांच्यातला कोन ९०पेक्षा कमी असेल, तर त्या तड्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि कपची सुटते. गोट्याच्या पोटाला कोन ९०च्या वर असतो. तिथे जोर कितीही लावा, तडा आतच जिरतो. दुसऱ्या ठोक्याला कपची निघाली, पण पहिल्या शंकूचा एक पाय दगडातच राहिला. पुढे २२ मिलिमीटर जाडीत तो निमूट बसला. जाडी १३ वर आली आणि ठोक्याचा हादरा पोचला, तसा तो धावत सुटला.

"वाजवून काहून नाही पाहिलं भाऊ?" एसीवाल्याने विचारलं. पाहिलं होतं, पण एकदाच, भट्टीतून काढल्यावर. दोन बोटांच्या चिमटीत अधांतरी धरून लहान खड्याने टिचकी द्यायची. निरोगी दगड टण्ण वाजतो, तडकलेला ठप्प. पण जाड दगडात एवढासा तडा आवाजात लपतो. दर चार-पाच मिलिमीटर जाडी उतरली की पुन्हा वाजवायला हवं. दुसरी परीक्षा पाण्याची. दगड भिजवून फडक्याने पुसायचा आणि वाळताना पाहत बसायचं. तड्यात शिरलेलं पाणी उशिरा वाळतं, काळी रेघ मागे राहते. दोन्हींना मिळून तीन मिनिटं लागतात. आणि ठोक फुकट गेला तर त्या जागेचा नाद सोडायचा. कडेला लहान कपच्या काढून कोन सत्तरच्या आसपास आणायचा, वाळूच्या दगडाने कड घासून बोथट करायची आणि मगच मारायचं. पांढरा ठिपका असेल तर भोवतालचा दीड सेंटिमीटर दगड आपला नाही असं समजायचं.

वरचा तुकडा आठ सेंटिमीटरचा, टोकाकडचा. तो ठणठणीत वाजला, म्हणून सुरी त्याचीच केली. आता ठोकणं बंद, दाबणं सुरू. हत्यार म्हणजे अर्थिंगची ८ नंबरची तांब्याची तार, चार मिलिमीटर जाड. ती ३० सेंटिमीटरच्या लाकडी मुठीत बसवून दोन सेंटिमीटर बाहेर ठेवायची, टोक ऐरणीवर ठोकून छिन्नीसारखं चपटं करायचं. ठोकल्याने तांबं कडकही होतं. तळहातावर ट्रकच्या ट्यूबचं दुहेरी रबर, त्यावर पातं, मनगटं मांड्यांना टेकलेली. जोर दंडाचा नाही. गुडघे आवळून मांड्यांचा घ्यायचा. आधी दगडाच्या आत ढकलायचं, आणि भार पूर्ण बसला की किंचित खाली. फक्त खाली दाबलं तर कड चुरते आणि कपची आखूड राहते. प्रत्येक फेरीआधी कड घासायची. नवख्याला हे पटत नाही, कारण धार लावायच्या कामात धारच बोथट करायला सांगतात. पण कागदासारखी कड तांब्याचा भार घेत नाही.

मूठ सागाची, चीर तीन सेंटिमीटर खोल. चिकटवायला राळ चार भाग, मधमाशीचं मेण एक, कोळशाची वस्त्रगाळ पूड एक. मंद आचेवर, फेस आला की राळ जळते, ठिसूळ होते, पेटूही शकते. मेण कमी पडलं तर मूठ आपटली की डिंक काचेसारखा उडतो. जास्त झालं तर नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिकीतल्या सुरीचं पातं मुठीतून सरकून येतं. उन्हाळ्यात मेण अर्धंच घालतो. वरून पळसाच्या मुळ्यांच्या वाखाची दोरी. त्या सुरीने अंबाडीचा दोर सहा-सात ओढींत कापला, चपलेचं चामडं त्याहून सहज. हाडाला लागली तिथे मात्र लगेच दात पडला. म्हणून खायच्या मांसावर दगडी सुरी चालवत नाही, काचेसारखा कण पोटात जायला नको.

खालचा तुकडा ठिपकेवाल्या कपचीसकट दोऱ्याने बांधून शेडच्या खांबाला टांगला आहे. नवीन कुणी आलं की आधी तो वाजवून दाखवतो, मग चांगला.

संध्याकाळी कपच्यांची पाटी भरली, अंदाजे सव्वा किलो. ती शेतात फेकायची नसते. जुनापाणीची शिळावर्तुळं याच रस्त्यावर आहेत. ती लोहयुगातली असली, तरी विदर्भात दगडी पात्यांच्या खऱ्या जुन्या जागाही आहेत, आणि उद्या नांगराला लागलेली आमची कपची कुणाला तरी चकवायची. तशा जागांवरून आम्ही दगड उचलतही नाही. बांधाजवळ दोन फूट खड्डा खणला, पाटी ओतली, वर बियरच्या बाटलीचे फुटके बूड टाकले आणि त्यांच्यावर चालू सालाचं दोन रुपयांचं नाणं.