एक तारखेच्या गौरी

नवं कालनिर्णय घरात आलं की मी आधी ऑगस्ट-सप्टेंबरची पानं उलटते. गौरी कोणत्या वारी येतायत ते कळलं की धडधड सुरू. २०२५ सालची पानं बघून तर मी कपाळालाच हात लावला. २७ ऑगस्टला गणपती, रविवारी ३१ ला गौरींचं आवाहन आणि पूजन सोमवारी, १ सप्टेंबरला. मी बँकेत आहे. महिन्याची १ तारीख म्हणजे काय असतं, ते काउंटरवर बसणाऱ्यालाच विचारा. शटर उघडायच्या आधीच पेन्शनवाल्यांची रांग पायऱ्यांवर बसलेली, पासबुक छापायचं मशीन नेमकं त्याच दिवशी रुसलेलं, त्यात सोमवार. गणेश चतुर्थीची सुट्टी असते, गौरीपूजनाची नाही. सुट्ट्यांची यादी करणाऱ्याच्या घरी पुरण दुसरंच कोणीतरी वाटत असणार.

आमचं घर साताऱ्यातलं. दोन उभ्या गौरी, मुखवट्यांच्या. येतात त्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील आणि संध्याकाळी हळदी-कुंकू, तिसऱ्या दिवशी मुरडीचे कानवले देऊन पाठवणी. सासूबाईंनी हे उभा जन्म एकटीने केलं. आता त्यांचे गुडघे बोलतात, म्हणून सगळं माझ्याकडे आलं.

खरं सांगायचं तर स्वयंपाकाने मी दमत नाही. दमवतं ते डोक्यात चाललेलं. हाताने नोटा मोजायच्या आणि मनात मात्र केवडा सांगितला का, ओटीचे नारळ किती लागतील, स्टँडचा एक नट गेल्या वर्षी सैल होता तो बदलला का. नवरा वाईट नाही. ‘तू सांगशील ते आणतो’ म्हणतो. पण सांगण्यासाठी आधी मला ते आठवावं लागतं, आणि सगळा शीण तर त्या आठवण्याचाच!

म्हणून श्रावणातल्या एका रविवारी सगळ्यांना बसवलं, पुण्याच्या जाऊबाईंना फोनवर घेतलं आणि कामं तोडून दिली. फुटकळ नाही, अख्खी. साड्या, दागिने, फुलं, आरास जाऊबाईंची. हळदी-कुंकू आणि भाजीबाजार नवऱ्याचा. अट एकच, मला काही विचारायचं नाही. काय आणलं, किती आणलं, ज्याचं त्याने बघावं.

सगळ्यात अवघड गेलं ते पोळ्यांचं. सासूबाईंना म्हटलं, ‘आई, नैवेद्यापुरत्या पोळ्या घरी करू, पंगतीच्या ऑर्डरने आणू.’ दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी कुकर लावत होते तर मागून आवाज आला, ‘नैवेद्याचं पुरण मीच काढणार. आणि बाहेरची पोळी देवीच्या पानात दिसता कामा नये.’ मी लगेच हो म्हटलं, उगाच विचार बदलायला नको!

रजेचं मात्र जमेना. १ तारखेला रजा कोणालाच नाही, साहेबांनी सांगून टाकलं. शेवटी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने दुपारनंतर माझं काम बघायचं कबूल केलं. बदल्यात नवरात्रातला एक दिवस त्याला माझ्याकडून हवा होता. दिला.

रविवारी गौरी कुंकवाच्या पावलांवरून आत आल्या. जाऊबाई तोंडात पिना धरून साड्यांना भिडल्या. धाकट्या गौरीच्या निऱ्या उलट्या बाजूला गेल्या, ते सासूबाईंना सगळं झाल्यावर दिसलं. मी श्वास रोखून बघत होते. ‘राहू दे,’ त्या म्हणाल्या, ‘वर्षभर सरळ नेसून कंटाळली असेल.’ रात्री हरभऱ्याची डाळ शिजवून गूळ घातला, कढईत उलथनं उभं राहीपर्यंत आटवलं आणि खुर्चीत बसलेल्या सासूबाईंच्या पुढ्यात पुरणयंत्र ठेवलं. गरम असतानाच काढायचं असतं, गार झालं की ते दगडासारखं बसतं. जायफळ त्यांनीच किसलं, कारण माझा अंदाज त्यांना अजून पटत नाही.

सोमवारी पहाटे नैवेद्याच्या पोळ्या लाटून मी बँक गाठली. आरती झाली तेव्हा मी कुणा हयात नसलेल्या खातेदाराचा वारस फॉर्म तपासत होते. एक आजी काचेतून म्हणाल्या, ‘आज गौरी जेवणार, आणि तू गं इथे काय करतेस?’ म्हटलं, ‘तुमच्या पेन्शनीसाठी थांबलेय.’ आजी हसल्या. दोन वाजता मी निघाले तेव्हा पेन्शनवाल्यांची रांग अजून संपलेली नव्हती.

घरी पोचले तर पान वाढून ठेवलेलं. गौरींच्या दिवशी मला कोणी वाढतंय, मी बसून खातेय, पोळीवर तूप विरघळतंय, शेजारी कटाची आमटी. सावकाश जेवले. सोळा भाज्यांचा वाटा मंडईतून आणताना नवऱ्याने पडवळ विसरलं होतं, पंधराच भाज्या झाल्या. मी अवाक्षर काढलं नाही. खण आळीतून त्याने ओटीचे सगळे खण एकाच पोपटी रंगाचे आणले, घाऊक स्वस्त पडले म्हणून! हळदी-कुंकवाला आलेल्या बायका आपापला खण शेजारणीच्या खणाशी ताडून बघत होत्या. आमच्या आळीत आता पोपटी ब्लाउज दिसला की कळतं, ही आमच्याकडे येऊन गेली.

रात्री जागरण. जाऊबाईंनी मला फुगडीला ओढलं. चार गिरक्यांत दम लागला, पाचवीत दोघी हसून खाली बसलो. मग झिम्मा, मग पुन्हा फुगडी. सकाळी बँक आहे, हे एकदाही मनात आलं नाही.

मंगळवारी कामावर जाताना कंदी पेढे आणि पोळ्यांचा डबा नेला. काउंटर सांभाळणाऱ्याला दोन पोळ्या जास्त दिल्या. त्याने एक घास खाल्ला, थोडा थांबला. ‘पुढच्या वर्षीही बसतो तुमच्या जागेवर,’ म्हणाला, ‘पण मॅडम, पोळ्या घरच्या हव्यात.’ ओळखलंन् बेट्याने.