चार स्टिक, चारही निर्दोष

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात गच्चीखालच्या खोलीत धाकट्या दिराचा लग्नाच्या व्हिडिओंचा कारभार चालतो. ३२ जीबी रॅम पुरेना, म्हणून त्यानं आरएनटी मार्गावरून पहिल्याच मॉडेलच्या १६-१६ जीबीच्या स्टिकची, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांची, आणखी एक जोडी आणली आणि चारही स्लॉट भरले. मग सुरू झालं: कधी निळी स्क्रीन, कधी रेंडर मध्येच गप्प, कधी आत्ताच केलेली झिप फाइल उघडायला नकार. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, "भिया, एक स्टिक खराब होगी, ले आओ." कोणती ते सांगा ना! "वहिनी, आता तुम्हीच बघा," म्हणत दिरानं मशीन माझ्यापुढे ठेवलं.

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारी चाचणी, चालवली. एकेकटी स्टिक पास, जुनी जोडी पास, नवी जोडीही पास. चारही एकत्र लावल्या की चुका दाखवणाऱ्या लाल ओळी. म्हणजे बदलून आणायचं तरी काय?

रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर बसलेला असतो प्रोसेसरच्या पोटात. एका चॅनलवर, म्हणजे त्याच्यापासून स्लॉटांकडे जाणाऱ्या तारांच्या एका संचावर, एकाऐवजी दोन स्टिक आल्या की त्याच तारांवर भार वाढतो, सिग्नल परतून आदळतात आणि वेळेचं गणित चुकायला लागतं. दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात, तेही याच तारांमुळे. दिराचा प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला. एएमडीच्या स्वतःच्या तक्त्यात डीडीआर५ या प्रकारच्या रॅमच्या दोन स्टिकना ५२००चा वेग दिलाय, चार लावल्या की थेट ३६००. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, रॅमला पाकिटावरच्या वेगानं पळवणारं एक्स्पो चालू, वेग ६०००! पाकिटावर छापलेला हा आकडा त्या एका जोडीपुरता तपासलेला असतो. दोन पाकिटं आणली म्हणून चार स्टिकांचा संच होत नाही, आतल्या चिपसुद्धा वेगळ्या निघू शकतात.

"पण डीडीआर५मध्ये चुका दुरुस्त करणारं ईसीसी असतं ना?" दिरानं विचारलं. असतं, पण चिपच्या आतल्या आत. स्टिक ते प्रोसेसर या वाटेवर बिघडलेला बिट त्याला दिसतच नाही.

एक्स्पो बंद करून वेग ३६००वर आणला. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहिली. बोर्ड तेव्हा मेमरीचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे सिग्नलच्या वेळा जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबत बसू नये. रात्रभर चाचणी चालली, एकही चूक नाही. मग पायरीपायरीनं वर गेले. ४८०० टिकलं, ५२००ला पुन्हा लाल ओळी. यूट्यूबवर सल्ला मिळतो की एसओसीचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं, व्होल्टेज चढवा. त्या वाटेला मी गेले नाही. त्याच मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्यावर २०२३मध्ये १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली होती, आणि लोकांच्या लग्नाच्या फुटेजवर प्रयोग कोण करणार!

शेवटची चाचणी मुद्दाम मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद ठेवून घेतली. खेटून बसलेल्या चार स्टिकांना हवा लागत नाही, आणि गच्चीखालची खोली त्या वेळी भट्टी असते. ४८०० तिथंही टिकलं.

रेंडरला किती फरक पडला? मोठ्या प्रोजेक्टमध्ये जागा पुरायला लागली, त्यापुढे वेगातली घट दिराच्या लक्षातही आली नाही. तरी माझं मत पक्कं आहे: ६४ हवेत तर ३२-३२च्या दोनच घ्या. दुकानदार फरक घेऊन बदलून द्यायला तयार आहे. दीर म्हणतो, "हंगाम संपू द्या, वहिनी."