छापखान्याचं बिल

नोटीस चार पानी, इंग्रजीत. पंधरा दिवसांत नाव वापरणं थांबवा, छापलेली पाकिटं नष्ट करा, विक्रीचा हिशेब द्या. ती आली होती कोल्हापूरकडच्या एका बचत गटाला. कांदा-लसूण चटणी करतात, नाव गावदेवीचं. तेच नाव एका व्यापाऱ्याने ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतलं होतं, नोटीस त्याची. ऐन चटणीच्या सीझनला त्यांचा माल ऑनलाइन बाजारातून उतरवलाही होता. तिथे तक्रारीला नोंदणी क्रमांक पुरतो, दुसऱ्या बाजूला आधी विचारायची पद्धत नाही.

अशा वेळी नोटीस बाजूला ठेवावी आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे ही नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर समोरच्याचा अर्ज काढून वाचावा. कोणालाही वाचता येतो. वापर कधीपासून, या रकान्यात त्या व्यापाऱ्याने लिहिलं होतं, 'प्रपोज्ड टू बी यूज्ड'. म्हणजे अर्जाच्या दिवसापर्यंत या नावाचं एक पाकीटही त्याने विकलेलं नव्हतं, हे त्याच्याच शब्दांत. आधीचा वापर लिहिला की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. ती कटकट नको म्हणून आमच्या, म्हणजे ट्रेडमार्कचे अर्ज भरणाऱ्यांच्या, धंद्यातले कित्येक जण डोळे मिटून हाच पर्याय टाकतात. त्यांचा आळस इथे गटाच्या कामी आला.

कारण 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34. मालकाचा स्वतःचा वापर किंवा त्याची नोंदणी, यांतली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून जो सलग नाव वापरतोय त्याला मालक अडवू शकत नाही. नोंदणीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हेच म्हटलं, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ.

पण सलग वापर दाखवायचा कशाने? गटाची बिलबुकं होती, त्यांत नुसतं 'चटणी 10 किलो'. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, कागदावर ब्रँडचं नाव नाही. जुन्या पाकिटावर पॅकिंगचा महिना आहे, पण शिक्का स्वतःच मारलेला, समोरचा वकील तो एका वाक्यात उडवतो. कागद तिसऱ्याचा हवा. शेवटी सापडला तो तालुक्याच्या छापखान्यात. कार्बनची निळी प्रत, चटणीच्या नावासकट 'लेबल, 2000 नग', व्यापाऱ्याच्या अर्जाच्या आठ वर्षं आधीची. बिलापेक्षा मोलाचं होतं ते अख्खं पुस्तक. मागचं बिल लग्नपत्रिकेचं, पुढचं पतसंस्थेच्या पावत्यांचं, क्रमांक ओळीने आणि तारखाही ओळीने. असं पुस्तक मागाहून बनवता येत नाही. मग पुढच्या प्रत्येक वर्षाचं निदान एक बिल तिथूनच शोधून काढलं. मध्ये दोन-तीन वर्षांची फट पडली तर 'सलग' शब्दावरच भांडण सुरू होतं.

उत्तर गेलं आणि व्यापारी गप्प झाला. माल पुन्हा चढायला सात आठवडे लागले, तोवर सीझन सरला होता.

व्यापाऱ्याला सरसकट चोर म्हणणं मला जमत नाही. त्याने रीतसर फी भरली. नाव रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून आलं, हरकतीचे चार महिने कोणी काही बोललं नाही. दर सोमवारी निघणारं ते जर्नल चटणी कांडणारी बाई वाचेल, हे गृहीत धरणाऱ्यांनी गिरणीत जाऊन एक दिवस उभं राहावं. दुसरी बाजूही खरी आहे. सोलापूरचा दुकानदार नाव बघून पाकीट घेतो. उद्या त्याच नावाने कोणी रंग घातलेलं तिखट विकलं, तर आठ बायकांची इतक्या वर्षांची चव महिन्यात बुडते. तेव्हा छापखान्याच्या बिलापेक्षा नोंदणीचा कागद लवकर कामाला येतो. छोट्या धंद्याला ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, 4500 रुपयांत होतो, चटणीचा वर्ग 30.

हे सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात गटाच्या अध्यक्ष ताई पैसे घेऊन हजर. "मॅडम, अर्ज टाका. आणि पलीकडच्या गावात एक बाई देवीच्याच नावानं ठेचा विकती. तिलाबी अशीच नोटीस धाडा."

अर्ज लेबलचा टाकला, नुसत्या नावाचा नाही. 'रामायण' नावाच्या अगरबत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलंय, धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क लागत नाही. गावदेवीच्या नावावर उद्या कोणी तोच मुद्दा काढेल. लेबल नोंदलं तर हक्क अख्ख्या लेबलवर मिळतो, त्यातल्या एकेका शब्दावर नाही. ताईंना ते फारसं पटलेलं नाही.

नोटीस अजून लिहिलेली नाही. त्या बाईने पहिलं लेबल कधी छापलं ते आधी विचारून या, एवढंच म्हटलंय. छापखाना बहुधा तोच असेल.