आमची वाटचाल: क्रेन हलली की चित्र गायब

भोसरीत एका वर्कशॉपच्या माळ्यावर दोन टेबलं, एक उसना ऑसिलोस्कोप आणि खाली दिवसभर पॉवर प्रेसचा धाडधाड आवाज. कंपनी म्हणायची ती एवढीच. पहिली दोन वर्षं इतरांची बोर्डं दुरुस्त करून भाडं निघालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमचा स्वतःचा पहिला माल म्हणजे ओव्हरहेड क्रेनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र खालच्या केबिनमध्ये पोहोचवणारा वायरलेस मोडेम. पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ लहरी लोखंडावर आपटत दहा वाटांनी येतात, म्हणून ओएफडीएम निवडलं, म्हणजे डेटा एकाच लहरीवर न लादता शेजारशेजारच्या अनेक बारीक लहरींवर, सबकॅरियरवर, वाटून पाठवायचा. आराखडा वाय-फायचाच: 64 पैकी 52 सबकॅरियर वापरात, त्यातल्या 48 वर डेटा वाटलेला. प्रत्येक सिम्बॉलच्या, म्हणजे एका दमात पाठवलेल्या लहरीच्या, शेपटीचा 0.8 मायक्रोसेकंदांचा तुकडा उचलून पुढे जोडायचा. तेवढ्या वेळात लहर 240 मीटर जाते, त्यामुळे शेडमधले प्रतिध्वनी त्या तुकड्यातच आटोपतात.

ऑफिसात सगळं झकास. शेडमध्ये मात्र चित्र गोठायचं. गिऱ्हाईकानं उरलेले पैसे अडवून धरले. तीन दिवस आम्ही अँटेना, केबल, ॲम्प्लिफायर बदलत बसलो. शेवटी क्रेनवरचे काका म्हणाले, "सायेब, उभी असली की ब्येस दिसतंय. हलली की गेलंच."

एवढं साधं निरीक्षण आम्हा दोन इंजिनिअरांना जमलं नव्हतं! 2.4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे क्रेन सहा सेंटिमीटर सरकली तरी काल जोरात असलेला सबकॅरियर आज खड्ड्यात. मिनिटाला चाळीस मीटर वेगानं एवढं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागात कापलं जातं. आणि आम्ही प्रत्येक सबकॅरियर कसा पोहोचतोय याचा अंदाज अर्ध्या सेकंदाची सरासरी काढून घोटत होतो, कारण ऑफिसात त्यानं नॉइज कमी दिसायचा. क्रेन पुढे गेलेली, आमचं गणित मागच्याच जागेचं.

या अंदाजासाठी विड्रो आणि हॉफ यांची 1960 सालची एलएमएस पद्धत आम्ही वापरत होतो: दर वेळी चूक बघून अंदाज थोडा सुधारायचा. तिच्यात चुकीतून किती शिकायचं हे 'म्यू' नावाचा आकडा ठरवतो; तो लहान म्हणजे सरासरी लांब. तो वाढवला तर क्रेन उभी असतानाही लांबच्या कोपऱ्यात चित्रावर चौकोन उमटायचे. मग म्यूच बदलता ठेवला: चूक वाढली की मोठा, शांत झालं की लहान. दहा-बारा ओळींचं काम. भागीदाराला काल्मन फिल्टर, म्हणजे अंदाज सुधारायची जास्त जड गणिताची पद्धत, हवा होता. आमच्या स्वस्त प्रोसेसरला तो झेपला नसता असं माझं मत, तो अजून मानत नाही.

नवा कोड टाकून परत गेलो. काकांनी क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा नेली, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "रातपाळीला दिसंल का?"

पुढचं मॉडेल दिव्यासकट निघालं.