तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मार्कांच्या धड्याला महिना कशाला?

"बाई, दुसऱ्या महायुद्धावर परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न येतो. तुम्ही महिनाभर तेच घेऊन बसता. कशाला?" शिकवणीला पोरं सोडायला येणारे पालक मला हे दरवर्षी विचारतात. काही जण पुढचंही विचारतात. युद्धाच्या वस्तू बघायच्या तर लंडनला नाहीतर जपानला जायला पाहिजे; सोलापुरात, तुमच्या पुढच्या खोलीत बसून काय दिसणार?

दिसतं. डब्याचंच सांगते.

हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात एक जेवणाचा डबा आहे. त्याचा फोटो त्यांच्या वेबसाइटवर मिळतो. टीव्हीला लॅपटॉप जोडून मी तो मोठा करते आणि खालची माहिती झाकून ठेवते. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. वहीत दिसतं तेवढंच लिहायचं, वाटतं ते नाही. पोरं लिहितात: धातूचा डबा, जुना, आत काळं काहीतरी. एखादा लिहितो, "माझ्या डब्याएवढाच."

मग माहिती उघडायची. ती इंग्रजीत असते, आमची पोरं मराठी माध्यमाची, म्हणून एकेक ओळ त्यांनीच मराठीत करायची. 6 ऑगस्ट 1945, सकाळचे सव्वाआठ. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातला मुलगा. बॉम्बहल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातली घरं पाडून मोकळे पट्टे काढत होते, आणि त्या कामाला शाळेची पोरं लावली होती. हाही गेला होता. काही दिवसांनी आईला त्याचं प्रेत सापडलं, पोटाखाली हा डबा. तिनेच भरून दिलेला. आतलं जेवण तसंच, जळून कोळसा झालेलं.

एकदा एका मुलाची आई त्याला न्यायला आली होती. घरी विड्या वळते, शाळा चौथीपर्यंत झालेली. दारातच उभी राहून तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तिनं तो डबा टाकून कसा नाही दिला, बाई?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. तेव्हापासून कुठलीही वस्तू बघितली की आमच्या वहीत शेवटचा प्रश्न ठरलेला आहे: ही कुणी जपून ठेवली, आणि का?

पहिल्या वर्षी माझी चूक झाली होती. छळछावण्या मुक्त झाल्या तेव्हाचं चित्रीकरण मी सातवीच्या पोरांना दाखवलं. एक मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. तिच्या वडलांनी येऊन सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं. आता मी प्रेतं दाखवत नाही. हिरोशिमाच्या संग्रहालयानेही 2017 मध्ये भाजलेल्या माणसांचे पुतळे काढून टाकले आणि लोकांच्या खऱ्या वस्तूंवर भर दिला. डबा पुरेसा असतो. ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी नाझींपासून ॲमस्टरडॅमच्या ज्या घरात लपून राहिली, ते घरही वेबसाइटवर खोल्याखोल्यांतून फिरून बघता येतं. पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागचं दार, आत आठ माणसं. 6 जुलै 1942 ते 4 ऑगस्ट 1944. पोरांनी कॅलेंडर धरून मोजले: 760 दिवस. मग दिवसा पाण्याचा नळ सोडायचा नाही, जोरात चालायचं नाही, म्हणजे काय याचा अंदाज त्यांना आपल्या दोन खोल्यांवरून येतो.

पण महिना लागतो तो सोलापूरमुळे.

आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पुस्तकात युद्ध 1 सप्टेंबर 1939 ला सुरू होतं. मग आपले डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये कुठल्या युद्धाला गेले?" मला इतका आनंद झाला की त्या दिवशीचा बाकीचा पाठ मी बाजूला ठेवला. पोलंडवर हल्ला झाला ती युरोपची तारीख. चीनवर जपान 7 जुलै 1937 पासून तुटून पडला होता. काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात द्वारकानाथ कोटणीस होते, सोलापूरचे, सत्तावीस वर्षांचे. ते परत आलेच नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच गेले, वय 32. चिनी पत्नी क्वो छिंगलान आणि काही महिन्यांचं बाळ मागे राहिलं. बाळाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्यांचं घर, म्हणजे आताचं स्मारक, आपल्या भैय्या चौकात आहे. पोरं रोज त्यावरून शाळेला जातात. त्या रविवारी आम्ही चालत गेलो.

नंतरचे दोन तास नावं शोधण्यात जातात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात हिंदी सैनिकांचे शेकडो फोटो आहेत, बरेचसे सैन्याच्याच छायाचित्रकारांनी काढलेले. खाली पुष्कळदा नुसतंच 'हिंदी जवान'. नाव नाही. नावं असतात ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे. दोन्ही महायुद्धांतल्या 17 लाख मृतांची नोंद, ऑनलाइन, फुकट. आधी यशवंत घाडगे शोधायला सांगते: मराठा लाइट इन्फंट्री, माणगावजवळच्या पळसगावचे, 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालेले. हे जमलं की मग आपला जिल्हा. एक गोष्ट पोरांना आधीच सांगावी लागते: सोलापूर इंग्रजांच्या काळच्या स्पेलिंगने टाका, 'शोलापूर' असं. आताच्या स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही. बापाचं नाव, गाव, तालुका असं वाचता वाचता पोरं आपोआप हळू बोलायला लागतात. कुणाला आपलं आजोळ दिसतं.

आणि शेवटी घरचं संग्रहालय. आपल्याकडच्या आज्या अजून रेशन दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात. तो शब्द युद्धातला. टंचाई झाली आणि सरकारने 1943 मध्ये कापडावर, सुतावर कंट्रोल आणला, शहरांत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. हे गिरण्यांचं गाव, कापडाच्या कंट्रोलची आठवण इथे घरोघर असणार. म्हणून या आठवड्याचा अभ्यास तुमच्या घरात आहे. आजी-आजोबांनी त्यांच्या आईवडलांकडून त्या दिवसांचं काय ऐकलं, एवढंच पोरांनी विचारून लिहून आणायचंय. रविवारी नळाला पाणी येणार आहे, त्यामुळे तास सोमवारी. तोवर रोज अर्धा तास त्यांना आजीपाशी बसू द्या.