झेडच्या पोटातली रेघ

चीनमध्ये काही वर्षं राहून मला चिनी भाषा जेमतेमच आली, पण एक सवय हाताला पक्की लागली. इंग्रजी झेड लिहिला की त्याच्या पोटातून आडवी रेघ मारायची. ती न मारल्यामुळे २०१८ साली आमची शीआनची सहल बुडता बुडता राहिली.

आम्ही तेव्हा सुझौला राहायचो. शांघायहून वेगवान गाडीने अर्ध्या तासावर. नवरा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, लेक आठ वर्षांची, चिरंजीव चार वर्षांचे. पहिलं वर्ष घर लावण्यात आणि निवास परवान्याच्या खेपा घालण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, आता फिरायचं. मुहूर्त काढला तो नेमका राष्ट्रीय दिनाचा. १ ते ७ ऑक्टोबर अख्खा देश सुट्टीवर असतो आणि बहुतेक रस्त्यावर असतो. सात दिवस फुकट मिळत नाहीत हेही कळलं. त्या वर्षी आधीचे शनिवार-रविवार, २९ आणि ३० सप्टेंबर, भरपाईचे म्हणून कामाचे होते. समोरची चिनी शेजारीण म्हणाली, "या आठवड्यात शहाणी माणसं घरी बसतात." पण नवऱ्याला एरवी सलग रजा मिळायची नाही.

तेव्हा गाडीचं तिकीट तीस दिवस आधी खुलं व्हायचं. तत्काळसाठी सकाळी दहाला आपल्याकडे जी झुंबड उडते, तीच समजा, फक्त माणसं कितीतरी जास्त. चिनी माणूस आपल्या ओळखपत्राचा अठरा आकडी नंबर टाकतो आणि तिकीट घेतो. परदेशी माणसानं अ‍ॅपवर पासपोर्टचा नंबर टाकला तर तेव्हा समोर यायचं: पडताळणी बाकी. म्हणजे आधी स्टेशनवर जा, खिडकीवर पासपोर्ट दाखवा, मग घरी येऊन तिकीट काढा. हे आम्हाला विक्री सुरू होण्याच्या आदल्या रात्री समजलं.

मग भाजीबाजाराजवळच्या तिकीट एजंटकडे धाव घेतली. एका माणसापुरतं दुकान, काचेमागे एक बाई, तिकिटामागे पाच युआन जास्त. मी चौघांची नावं आणि पासपोर्ट नंबर घरूनच एका चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहून नेले होते. पासपोर्ट सोबत नेले नाहीत. बाईंनी "हूजाव?" असं विचारलंही, हूजाव म्हणजे पासपोर्ट, आणि मी मोठ्या तोऱ्यात चिठ्ठी पुढे केली.

शीआनची वेगवान गाडी सहा-साडेसहा तासांत पोचवते. तिची तिकिटं संपली होती. बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: इंगवो. साध्या गाडीतला शयनयान डबा, तिन्ही मजल्यांच्या बर्थचा, सहाजणांचा कप्पा, दार नाही. आपला स्लीपरच म्हणा, पण चादर-उशी-पांघरुणासकट. रात्रभराचा प्रवास, पंधरा-सोळा तास. भाडं वेगवान गाडीच्या निम्म्याच्या आसपास. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळचे तीन बर्थ एकाच कप्प्यात मिळाले.

तीनच का? तिथे लहान मुलाचं तिकीट तेव्हा वयावर नव्हतं, उंचीवर होतं. स्टेशनच्या भिंतीवर १.२ मीटर आणि १.५ मीटर अशा दोन रेघा असायच्या. पहिल्या रेघेखाली फुकट, दोन रेघांच्या मध्ये अर्धं, त्यावर पूर्ण. (हा नियम बदलून वयावर आला तो २०२३ मध्ये.) लेक मधल्या पट्ट्यात होती. चिरंजीव फुकट, म्हणजे त्याला स्वतःचा बर्थ नाही आणि तिकीटही नाही. हे कळल्यावर त्याने जो भोकाड पसरला! सगळ्यांच्या नावाचं निळं तिकीट आहे आणि माझंच नाही, म्हणजे मला इथेच ठेवून जाणार, असा त्याचा सरळ हिशेब.

घरी येऊन तिकिटं बघत बसले होते. चिनी तिकिटावर तेव्हा प्रवाशाचं नाव आणि पासपोर्ट नंबर छापून यायचा. आमची नावं तर लोकलच्या डब्यात माणसं कोंबावीत तशी कोंबली होती. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, मध्ये कुठेही जागा न सोडता. माझ्या आडनावाचं शेवटचं अक्षर तर फलाटावरच राहिलं होतं. त्याने बिघडत नाही, परदेशी नावांचं असं होतंच, असं शेजारणीनं सांगितलं. पण लेकीच्या तिकिटावरचा नंबर दोनने सुरू होत होता.

तिचा पासपोर्ट शांघायच्या आपल्या वाणिज्य दूतावासात नवा करून घेतला होता आणि त्याचा नंबर झेडने सुरू व्हायचा. माझ्या सुबक अक्षरातला झेड हा हुबेहूब दोन दिसत होता. चूक बाईंची नव्हती. पासपोर्ट मागितला होता त्यांनी.

एजंटबाईंनी हात वर केले. तिकीट छापलं गेलं, आता स्टेशन. शेजारणीनं एका कागदावर चिनीत सगळी हकीकत लिहून दिली आणि मी सुझौ स्टेशनच्या रांगेत उभी राहिले. दीड तास. तिथे "दुरुस्ती" हा प्रकार नाही. चुकीचं तिकीट परत करायचं आणि बरोबर नंबरावर नवं घ्यायचं. ऐकायला सोपं आहे, पण परत केलेला बर्थ त्या क्षणी सगळ्या देशासाठी खुला होतो. खिडकीमागच्या मुलीनं तो कागद दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, पासपोर्ट उघडून कीबोर्डशेजारी ठेवला, लेकीचं नाव आधीच टाइप करून घेतलं आणि मग दोन्ही हातांनी काहीतरी इतकं भराभर केलं की मला कळेपर्यंत प्रिंटर वाजला. आधीचा बर्थ गेलाच होता. पण दुसरा मिळाला. शेजारच्या डब्यात, सगळ्यात वरचा. प्रवासाला पंधरा दिवसांहून जास्त अवकाश असल्यामुळे परताव्यात पैसे कापले नाहीत. त्याहून उशीर झाला असता तर पाच टक्के कापले असते, आणि गाडीच्या जवळ जाल तसे ते वाढत वीस टक्क्यांपर्यंत जायचे. त्याच खेपेत चौघांच्या पासपोर्टची पडताळणी उरकून घेतली. परतीची वेगवान गाडीची तिकिटं मग नवऱ्यानं अ‍ॅपवर, मोजून चार मिनिटांत काढली. ते चार मिनिटांचं काम त्याने पुढे वर्षभर ऐकवलं.

३० तारखेला स्टेशनवर एवढी माणसं होती की आषाढीला पंढरपूर आठवावं. परदेश्यांना आपोआप उघडणारी दारं उपयोगाची नव्हती, कारण ती ओळखपत्रावर चालत. आम्ही बाजूच्या दारानं, माणसाला तिकीट-पासपोर्ट दाखवून आत गेलो. त्याने लेकीचा पासपोर्ट आणि तिकीट शेजारी शेजारी धरून पाहिलं तेव्हा मी श्वास रोखला होता.

गाडीत आठ वर्षांच्या मुलीला दुसऱ्या डब्यात तिसऱ्या मजल्यावर कसं झोपवायचं, हा प्रश्न होताच. आमच्या कप्प्यात खालच्या बर्थवर एक आजी-आजोबा होते आणि मधल्या बर्थवर एक कॉलेजचा मुलगा. लेक शाळेत चिनी शिकत होती, आमच्यात तिचीच भाषा चालणारी. तिने आजींना "आयी" अशी हाक मारून सुरुवात केली. चिनीत आयी म्हणजे मावशी किंवा काकू, कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात. दर वेळी ती कुणाला तरी आयी म्हणाली की मी उगाच मागे वळून बघायचे. आजी म्हणाल्या, आयी कसली, नायनाय म्हण, आजी. मग त्यांनी आमच्या वतीनं त्या मुलाशी बोलणी केली. तो एका शब्दाने कुरकुर न करता पाठपिशवी घेऊन शेजारच्या डब्यात गेला.

एवढ्यात डब्याची महिला अटेंडंट आली, हातात कप्पे कप्पे असलेलं जाड पाकीट. तिने आमची तिकिटं मागितली, पाकिटात घातली आणि आमच्या हातात बर्थ नंबर छापलेलं प्लॅस्टिकचं कार्ड ठेवून पुढे गेली. ज्या कागदासाठी मी दीड तास उभी राहिले, तो गेला! मी तिच्या मागे जायला उठले तर आजोबांनी हात धरून बसवलं. शयनयानात तशीच पद्धत होती. कोण कुठे उतरणार हे तिला पाकिटावरून कळायचं, आणि स्टेशन यायच्या आधी ती येऊन उठवायची, कार्ड घ्यायची, तिकीट परत द्यायची. झोपेत स्टेशन हुकण्याची भीती नाही. ही सोय कुणीतरी आपल्याकडेही आणायला हवी, असं मला अजून वाटतं. चिरंजीवांना मात्र बाबांचं कार्ड मिळालं आणि त्यांनी ते रात्रभर मुठीत धरलं.

प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. साऱ्या गाडीचं जेवण त्या नळावर चालतं. जो तो नूडल्सचा डबा घेऊन उभा. आम्ही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, शिवाय तयार पोह्यांची पाकिटं, जी त्या पाण्यात पाच मिनिटांत फुलली. आजींनी सूर्यफुलाच्या बिया ओंजळीत ओतल्या, बंद पाकिटातले कोंबडीचे पाय पुढे केले. "वो छ्र सू", मी शाकाहारी, हे माझं पाठ केलेलं वाक्य कामी आलं. चटणी त्यांना इतकी आवडली की दशमीशिवायच खाल्ली. दहाला दिवे गेले. मध्यरात्री जाग आली तेव्हा कुठल्यातरी स्टेशनवर गाडी उभी होती आणि वरून चिरंजीवांचा पाय माझ्या नवऱ्याच्या तोंडासमोर लोंबत होता.

सकाळी तिकिटं परत मिळाली. बाहेर पडताना तेव्हा ती पुन्हा तपासायचे, म्हणून टाकून चालायचं नाही.

शीआनमधला पहिला फटका हॉटेलचा. दक्षिण दरवाज्याजवळ एका छोट्या हॉटेलात खोली आरक्षित केली होती, पैसे भरले होते. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट पाहिले आणि चेहरा पडला. "वायबिन", परदेशी पाहुणे. पाहुण्याची नोंद पोलिसांच्या यंत्रणेत करावी लागते आणि परदेशी पासपोर्ट नोंदवायची त्यांची सोयच नव्हती. तिची मान लाजेनं खाली गेली होती, त्यामुळे भांडायचंही जमेना. सोळा तासांचा प्रवास, दोन मुलं, तीन बॅगा आणि सुट्टीचा पहिला दिवस. तिने स्वतःच तीन-चार ठिकाणी फोन केले, घंटाघराजवळ जागा मिळवून दिली, दुपटीच्या जवळपास भावात. पैसे परत आले. तेव्हापासून आम्ही पैसे भरण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारायचो: वायबिन चालतात का?

चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक पाहायला ३ तारखेला गेलो, हा माझा निर्णय आणि माझीच चूक. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना जे सापडलं, ते बघायला त्या दिवशी आख्खा चीन आला होता. पहिल्या मोठ्या खड्ड्याच्या कठड्याशी पोचायला अर्धा तास लागला. नवऱ्याच्या खांद्यावर बसलेल्या चिरंजीवांनी वरून वर्णन केलं, "बाबा, सगळे रांगेत उभे आहेत." मला ऐकू आलं ते एवढंच आणि दिसली ती पुढच्या माणसाची पाठ. नंतर थोडं दिसलं. खरं सांगायचं तर परतताना रस्त्यावर विकायला बसलेली तिथल्या लिनथोंग भागातली डाळिंबं माझ्या जास्त लक्षात आहेत. सोलापूरची आठवण यावी असे टपोरे दाणे.

शहराची तटबंदी मात्र मनसोक्त अनुभवली. पावणेचौदा किलोमीटरचा वेढा, मिंग काळातला, वर भाड्यानं सायकली मिळतात. आम्ही निम्मा वेढा मारला आणि पाय बोलायला लागले. संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यात गेलो तर गल्लीच्या तोंडाशीच जिऱ्याचा वास आला. भाजलेल्या जिऱ्याचा, घरच्यासारखा. मटणाच्या शिगांवर टाकतात ते, पण वासाला शाकाहारी-मांसाहारी कळत नाही. दोन मिनिटं मी तिथे नुसती उभी राहिले. खायला ल्यांगफी मिळाली, पिठाच्या गार, जाड, तिखट तेलातल्या पट्ट्या, मांसाचा मागमूस नाही. तीन दिवसांत नऊ वाट्या. पर्सिमन नावाच्या फळाच्या, कढईत तळलेल्या गोड टिक्क्या मुलांनी संपवल्या.

शेवटच्या दिवशी मोठ्या जंगली हंसाच्या पॅगोड्याला गेलो. समोर शुआनझांगचा पुतळा आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग तो हाच. भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. त्याने महाराष्ट्रही पाहिला होता, पुलकेशी दुसऱ्याच्या काळात, आणि इथले लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे, अपमान झाला तर बदला घेणारे, असं लिहून ठेवलं. मी हे मुलांना रंगवून सांगत होते. सम्राटाच्या राज्यात तेव्हा सीमा ओलांडायला बंदी होती आणि हा भिक्खू परवानगीशिवाय निघाला, असं म्हटल्यावर नवरा हसायलाच लागला. "म्हणजे याची पडताळणी बाकी होती."

७ तारखेला परतीची गाडी उत्तर शीआनहून. सगळे पासपोर्ट, सगळे नंबर, अक्षर न अक्षर मी रात्री ताडून पाहिलं होतं. दारावरच्या बाईंनी आमची तीन तिकिटं तपासली, चिरंजीवांकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या रेघेकडे बोट केलं. मी म्हटलं, हा १.२ च्या बराच खाली आहे. पण आठवडाभर ल्यांगफी खाल्ल्यावर आपण वाढलोय, असं त्याने ठरवलं होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हळूच टाचा उचलल्या. लेकीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून खाली दाबलं. त्याने आणखी वर उचलल्या. बाईंना हसू आवरेना. त्यांनी त्याला आत सोडलं आणि तो पुढे जाता जाता मला म्हणाला, "आई, त्यांना सांग ना, मला तिकीट पाहिजे."