तुम्ही विचारलंत म्हणून: कापड कुठलं घेऊ?

घरी शिवणकाम सुरू करणाऱ्या बायका मला हमखास विचारतात, "ताई, पर्यावरणाला बरं असं कापड कुठलं घेऊ?" त्यांना एक नाव हवं असतं, म्हणजे मेनरोडला जाऊन तेच मागता येईल. तसं नाव माझ्याकडे नाही. मी दोनच गोष्टी बघते. कापडात काय आहे हे माझं मला तपासता येतं का, आणि शिवलेली वस्तू किती वर्षं अंगावर राहील.

तपासायचं कसं ते आधी सांगते. "प्युअर कॉटन आहे हो" म्हणून मिळालेल्या कापडात उभा धागा सुती आणि आडवा पॉलिस्टरचा, असंही निघतं. म्हणून तागा घ्यायच्या आधी कोपऱ्याची चिंधी मागून आणायची. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे उसवायचे, दोन्हींचे पीळ करायचे, एकेक चिमट्यात धरून मोरीपाशी काडी लावायची. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली की भुगा होतो. पॉलिस्टर आधी आकसतं, मग वितळतं, आणि गार झालं की टोकाला काळा कडक मणी राहतो. एकाच पिळात राखही आहे आणि मणीही आहे, तर सूतच मिश्र आहे. दुकानदार हसतात, हसू देत.

रेयॉन मात्र या परीक्षेत सहज पास होतं, कारण तेही कागदासारखंच जळतं. सध्या ज्याची फार चलती आहे ते 'बांबू'चं मऊ कापड बहुतेक वेळा हेच असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्यातून धागा ओढतात. गाऊनला सुळसुळीत छान पडतं, मीही शिवते. पण बांबू भराभर वाढतो एवढ्यावर ते कापड पुण्यवान ठरत नाही.

चिंधीबरोबर अर्धा मीटर जास्तीचं घ्या. 50 सेंटिमीटरचा चौकोन कापून साध्या पाण्यात धुवा, वाळवा आणि परत मोजा. 48 भरला तर कापड 4 टक्के आटलं. धुतल्यावर ते मच्छरदाणीसारखं झिरझिरीत दिसायला लागलं, तर तुम्ही खळीचे पैसे दिलेत. असं कापड कितीही 'नैसर्गिक' असलं तरी दोन उन्हाळ्यांत त्याचं पोतेरं होतं.

खादीबद्दल एवढंच, की सूतही हाताने कातलेलं आणि कापडही हातमागावर विणलेलं असेल तरच ती खादी. गिरणीचं सूत हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड. तेही उत्तमच, फक्त गिऱ्हाइकाला खादी म्हणून देऊ नका. लिनन माझं आवडतं आहे. आपण ज्या जवसाची चटणी करतो त्याच झाडाच्या खोडाचा तो धागा. पण कापडासाठीचा चांगला जवस मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडे पिकतो, आणि किंमत ऐकून माझी नेहमीची गिऱ्हाइकं चहा न घेताच उठतात.

"मग आपल्या जवळचं मालेगावचं घ्यावं का?" हा पुढचा प्रश्न. घ्या, मीही घेते. पण मालेगावच्या यंत्रमागांवरून उतरतं ते कोरं, म्हणजे न रंगवलेलं कापड. त्यातलं बरंचसं रंगायला, छापायला बाहेर जातं, पार राजस्थानात पाली-बालोतरापर्यंत. पालीची बांडी नदी या रंगकामाच्या पाण्याने प्रदूषित झाली आहे. आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं म्हणून घेतलेलं फुलाफुलांचं कापड असं दोन राज्यं हिंडून आलेलं असू शकतं. म्हणून पिशव्यांना, उशांच्या आतल्या खोळींना आणि अस्तरालाही जमेल तिथे मी कोरं मांजरपाटच वापरते. रंग नाही, त्यामुळे सुटायचीही भीती नाही. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून पिशव्यांना मागणी आहे. फक्त त्या कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्यांशी भाव जुळवायला जाऊ नका. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच, आणि त्या बंदीत त्यांचंही नाव होतं.

आता जरा वेगळं बोलते. शाळेच्या गणवेशाला मी टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्र कापड, नाकारत नाही. धुताना त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, हे खरंच आहे. पण थोरल्याची पँट धाकट्याला, मग मावशीच्या मुलाला जाते. भरपूर कापड आत दाबून शिवा, कंबरेत आणि मोहरीला (पायाच्या खालच्या घेराला) माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल एवढं जास्तीचं कापड, ठेवा. महागाचा ऑरगॅनिक कुर्ता शिवून घेऊन कपाटात टांगून ठेवणाऱ्यांपेक्षा मला ती पँट जास्त पटते.

आणि सगळ्यात चांगलं कापड विचाराल तर जुनी सुती साडी. ती आटायची तेवढी आटलेली असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. खिडकीच्या उजेडात धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी आडवी ताणा. जिथे धागे सरकतात तो भाग बाजूला. फॉलची कड आणि खांद्यावर पिन लागते ती जागा बहुधा विरलेली असते, कमरेला खोचलेलं टोक धडधाकट निघतं. त्यात बाळाची झबली होतात, दुपटी होतात, उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्या निघतात, उरल्यासुरल्याची गोधडी. येवल्याची जुनी पैठणी परकर-पोलक्यासाठी घेऊन येतात त्यांना मात्र मी आधी घडीवरची जरतार दाखवते. ती चिरली असेल तर कात्री लावत नाही.

ऑरगॅनिकचं एक राहिलंच. जीओटीएसचं (ऑरगॅनिक कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) प्रमाणपत्र असलेलं कापड तुम्ही आणलंत, तरी तो शिक्का आपल्या झबल्यावर लावता येत नाही. कारण सूत कातण्यापासून शिवण्यापर्यंत प्रत्येक टप्पा प्रमाणित लागतो, आणि आपली बाहेरच्या खोलीतली मशीन त्यात बसत नाही. त्यामुळे मी पिशवीत एक चिठ्ठी घालते. कापड सुती, मशीनचा दोरा पॉलिस्टरचा, कंबरेत इलॅस्टिक, बटणं नारळाच्या करवंटीची. पहिल्यांदा वेगळं धुवावं.